दहा वर्षांची मुदत

सोमवार, ४ मार्च

आज मला बसायची नोकरी लागली. चेष्टा नाही. ओझी उचलायची नाहीत, पळापळ नाही. खुर्चीत बसायचं आणि माणूस बाहेर आला की त्याला घरी पोचवायचं.

आत्याच्या घरापासून बसनं थोड्या अंतरावर एक तपासणी केंद्र आहे. तिथे मोठं आतडं तपासतात. टोकाला कॅमेरा असलेली लांबलचक नळी मागच्या दारानं आत घालतात आणि आतल्या भिंती पडद्यावर बघतात. भिंतीवर मांसाचा कोंब उगवलेला दिसला तर तो तिथल्या तिथे कापून टाकतात. त्या कोंबाला पॉलिप म्हणतात. असले काही कोंब वर्षानुवर्षं वाढत जातात आणि शेवटी त्यांचाच कॅन्सर होतो, म्हणून. हे सगळं सिस्टरनं सांगितलं. मी अर्धंच ऐकलं, कारण तिच्या टेबलावरचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि मी मागे एकदा घड्याळजीच्या दुकानात कामाला होतो (मग भांडण झालं), त्यामुळे हात शिवशिवत होते.

तर मुद्दा असा, की तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात. माणूस उठतो, बोलतो, पण त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून नियम असा की सोबत कुणी नसेल तर तपासणी नाही. आणि एकटी माणसं तर पुष्कळ. त्यांच्यासाठी केंद्रानं सोबती ठेवायचं ठरवलं. तो मी.

सिस्टर म्हणाली, "तुला बसता येतं ना?"

"शिकेन," म्हटलं.

"आणि तोंड शिवून ठेवता येतं का? इथे कोण आलं, कुणाला काय झालं, बाहेर एक शब्द जाता कामा नये."

"ते येतं." ते खरं नाही, पण शिकेन.

घरी सांगितलं तर आत्या जेवता जेवता थांबली. ती शहर बस चालवते, त्यामुळे तिला हसतानाही समोर बघायची सवय आहे. म्हणाली, "जन्मात एका जागी बूड टेकलं नाहीस. आता बूड टेकायची नोकरी धरलीस, आणि तीही बुडाच्याच दवाखान्यात."

गुरुवार, ७ मार्च

केंद्रात समोरासमोर दोन दारं आहेत. पहिल्या दारामागे एक डॉक्टर, दुसऱ्या दारामागे एक डॉक्टरीणबाई. पहिल्याला सगळे झटपट म्हणतात. दुसरीला गोगलगाय. ही नावं मी ठेवलेली नाहीत, मी येण्याआधीपासूनची आहेत.

झटपट गोरागोमटा, हसरा, पेशंटला नावानं हाक मारणारा. आत गेलेला माणूस बघता बघता बाहेर. आणि बाहेर येणारे बहुतेक सगळे खुशीत, कारण "काही नाही, एकदम साफ." गोगलगाईकडे आत गेलेला माणूस मात्र आतच राहतो. बाहेर बसलेल्यांची पुस्तकं वाचून संपतात. आणि इतकं करून बाहेर काय येतं, तर "दोन निघाले," "एक काढला," "नमुना तपासायला पाठवलाय."

आज ज्यांची सोबत केली ते निवृत्त पोस्टमास्तर, चार महिन्यांपूर्वी बायको गेलेली. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मुला, त्या पहिल्याचा हातगुण चांगला आहे. हिच्या हाताला यशच नाही बघ. जो जाईल त्याच्यात काहीतरी निघतंच."

मला पटलं. डोळ्यांसमोरच दिसतंय की. एकाच दिवसाचे पेशंट, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. इकडच्यांना काही नाही, तिकडच्यांना भलतंच. हातगुण नाही तर दुसरं काय? मी त्यांना पहिल्या दाराकडच्या रांगेत नाव बदलून मिळेल का बघा म्हणालो. त्यांनी बदलून घेतलं. साफ निघाले. टॅक्सीत पूर्ण वेळ गात होते.

बुधवार (१३ किंवा १४)

आत्याच्या डेपोत पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांची आरोग्य तपासणी झाली. त्यात एक छोटी नळी घरी देतात. शौचाचा कणभर नमुना त्यात घालून परत द्यायचा. त्यात न दिसणारं रक्त असलं तर कळतं. डेपोत यावरून काय काय विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण आत्यानं दोन स्वतः केले.

आज निकाल आला. रक्त आहे. पुढे तपासणी करून घ्या.

आत्यानं तो कागद घडी घालून डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. म्हणाली, "माझी मुदत अजून आठ वर्षं आहे."

मग कळलं. मी दोन वर्षांपूर्वी लाकडाच्या वखारीवर होतो, तेव्हा तिनं तीच कॅमेऱ्याच्या नळीची तपासणी करून घेतली होती. झटपटकडेच. तो म्हणाला होता, "एकदम साफ. आता दहा वर्षं मला तोंड दाखवू नका." आत्यानं ते वाक्य फ्रिजच्या गॅरंटीसारखं जपून ठेवलंय. दहा वर्षांची मुदत, त्यातली दोन संपली, राहिली आठ.

"अगं पण रक्त?"

"दिवसभर त्या सीटवर बसून बघ, तुझंही येईल. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं काही कारण नाही."

मला बरं वाटलं, कारण तिला बरं वाटत होतं. पण नंतर टेबल परत डळमळलं म्हणून मी वाकून कागदाची आणखी एक घडी घालायला गेलो आणि तिचं नाव दिसलं. पुढे जेवण गेलं नाही.

शुक्रवार

आत्याला झटपटकडे घेऊन गेलो. ती म्हणाली, नुसतं भेटायला, तपासायला नाही. त्यानं तिला लगेच ओळखलं. "या या, बस कुठे लावली?" आत्या एकदम लाजली, पन्नास पार केलेली बाई.

तो म्हणाला, ही चाचणी तुमची करायलाच नको होती. ज्याचं आतडं नळीनं बघून झालंय त्याला पुढची दहा वर्षं असल्या चाचण्या कशाला? मूळव्याधीचं रक्त असेल. बसून काम करणाऱ्यांना असतंच.

मग त्यानं पडद्यावर जुने फोटो काढले. "हे बघा, हे आतड्याचं शेवटचं टोक. म्हणजे मी टोकापर्यंत गेलो होतो." टोकाचा फोटो खरंच होता, गुलाबी गुहेसारखा. आत्या म्हणाली, "छान आलाय."

बाकी फोटो फारसे नव्हते. तो थोडा वेळ तसाच बघत राहिला. "हवं असेल तर..." म्हणाला आणि पुढचं बोललाच नाही. मग हसून म्हणाला, "पाणी भरपूर पीत जा."

बाहेर आल्यावर आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "झालं समाधान?" झालं होतं. म्हणजे झालं होतं असं मी म्हणालो.

मंगळवार, १९ मार्च

सिस्टरला विचारलं. आत्याचं नाव न घेता, एका बाईचं म्हणून. सिस्टर म्हणाली, "तुझी आत्या ना?" इथे तोंड शिवून काही उपयोग होत नाही.

ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण मला नीट कळलं नाही आणि न कळलेलं लिहून ठेवलं की कधीतरी कळतं असा माझा अनुभव आहे. (एकदाच आलाय.)

ती म्हणाली, "नळी आत जाताना कुणी फारसं बघत नाही. ते नुसतं पोचणं. बघायचं ते परत येताना. आतड्याला घड्या असतात, प्रत्येक घडीच्या मागे बघावं लागतं, तिथलं पाणी ओढून घ्यावं लागतं, परत मागे जावं लागतं. काही कोंब देठावर असतात, ते आंधळ्यालाही दिसतील. काही सपाट असतात, भिंतीच्याच रंगाचे."

"म्हणजे बाई परत येताना रेंगाळतात?"

"रेंगाळत नाहीत, बघतात."

मग म्हणाली, की पन्नाशीच्या पुढच्या तीन-चार माणसांमागे एकाकडे तरी असा कोंब असतोच. कुठल्या डॉक्टरला किती जणांत सापडला, याचा हिशोब ठेवतात, आणि ज्याला जास्त जणांत सापडतो तो डॉक्टर चांगला धरतात.

मी म्हटलं, "सिस्टर, हे उलटं झालं. सापडणं वाईट ना?"

"असणं वाईट. सापडणं चांगलं."

"पण दोघांकडे जाणारी माणसं तर सारखीच."

"तेच म्हणतेय मी."

तिथे गाडं अडलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आता काहीतरी म्हणणार. मग तीच म्हणाली, "ज्याला जास्त जणांत सापडतं ना, त्याचं 'काही नाही' जास्त दिवस टिकतं. समजलं?"

मी हो म्हटलं. मग दिवसभर तेच वाक्य डोक्यात. 'काही नाही' म्हणजे काही नाही. ते टिकतं कसं? ते काय दूध आहे? समजा एक डॉक्टर म्हणाला घरात कुणी नाही, दुसरी म्हणाली घरात कुणी नाही. दोघांनी एकच वाक्य म्हटलं. मग एकाचं खोटं आणि एकीचं खरं कसं असेल? का दोन्ही खरी? का दोन्ही खोटी असू शकतात?

संध्याकाळी एक ट्रकवाला भेटला. क्लीनर हवाय त्याला, महिनाअखेर निघणार, पार बर्फ पडतो तिथपर्यंत जाणार म्हणाला. मी बर्फ जवळून बघितलेला नाही. येतो म्हणालो.

रविवार, २४ मार्च

हे लिहू की नको, कळत नाही. सिस्टरनं तोंड शिवायला सांगितलंय, पण वही म्हणजे तोंड नव्हे.

केंद्र आज बंद असतं. सिस्टरचा फोन आला, एकच पेशंट आहे, सोबती हवाय, ये. गेलो. दिवे अर्धे बंद, हॉल रिकामा. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत, पेशंटचा मागे नाड्यांनी बांधायचा झगा घालून, झटपट.

मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "बसा की. तुमची नोकरीच ती." पण हसला नाही. त्या झग्यात माणूस निम्मा होतो.

मग दुसरं दार उघडलं आणि गोगलगाय स्वतः बाहेर आली. "चला," म्हणाली. तो उठला, झग्याच्या नाड्या मागे एका हातानं धरून तिच्यामागून आत गेला.

मी बसलो. आता हे मला समजेना. स्वतःची तपासणी स्वतःला करता येत नाही, ते ठीक. पण ज्याचा हातगुण इतका चांगला, त्याचे मित्रही तसेच असतील ना, झटाझट काम करणारे? गावभर डॉक्टर पडलेत. आणि हा हिच्याकडे, जिच्या हाताला यश नाही म्हणतात तिच्याकडे? कदाचित जवळचं म्हणून. सुट्टीच्या दिवशी कोण येणार, म्हणूनही असेल.

पुष्कळ वेळ लागला. बाहेर आला तेव्हा गुंगीतच होता. मी त्याला टॅक्सीत बसवलं. रस्त्याला लागलो तसा तो म्हणाला, "बाहेर यायला किती वेळ घेतला तिनं?"

मी म्हटलं, "बराच घेतला."

"चांगलं," म्हणाला आणि डोळे मिटले. पुढच्या सिग्नलला परत डोळे उघडले. "बाहेर यायला किती वेळ घेतला तिनं?"

"बराच, डॉक्टर."

"चांगलं."

गुंगीत असंच होतं, विचारलेलं आठवत नाही, म्हणून परत परत विचारतात. पोस्टमास्तरांनी मला माझं नाव सातदा विचारलं होतं. पण लोक विचारतात, काही सापडलं का? मला जेवायला कधी मिळणार? ह्यानं एकदाही विचारलं नाही की मला काही निघालं का. फक्त तिनं किती वेळ घेतला.

त्याच्या घराच्या वळणावर तो एकदम स्पष्ट आवाजात म्हणाला, "मी फार लवकर बाहेर येतो हो. वीस वर्षं. आधी कुणी मोजलंच नाही." मग माझा हात धरला. "ते मूळव्याधीचं नसेलही."

"कशाचं, डॉक्टर?"

तेवढ्यात टॅक्सी थांबली आणि त्याची बायको दारात आली. तो तिलाही म्हणाला, "बराच वेळ घेतला तिनं."

मंगळवार, २६ मार्च

झटपट कामावर. मला बघून मान हलवली, बाकी काही आठवत असल्यासारखं वाटलं नाही.

आत्याशी दोन दिवस वाद चाललाय. मी म्हणतो गोगलगाईकडे परत तपासून घे. ती म्हणते का? आणि मला 'का' सांगताच येत नाही. एक तर मला ते धड कळलेलं नाही. दुसरं म्हणजे जे सांगितल्यावर ती लगेच ऐकेल, ते सांगायची बंदी. 'तुझा तो हातगुणवाला स्वतः तिच्याकडे गेला,' एवढं एकच वाक्य. जिभेवर येतं आणि चहाबरोबर परत आत जातं.

सिस्टरचं सांगणं सांगून पाहिलं. "जास्त सापडतं ती चांगली."

आत्या म्हणाली, "मग चोर जास्त सापडतात ते गाव चांगलं का?"

मी म्हटलं, "गाव नाही, पोलीस चांगले."

 हे मी बोललो ते मलाच नवीन होतं. पण मग ती म्हणाली, "आणि चोरच नसतील तर? पोलीस बिचारा काय स्वतः चोरी करील?" झालं, माझं परत सगळं पुसलं गेलं.

गुरुवार, २८ मार्च

जमलं. कसं जमलं ते अजून खरं वाटत नाही.

आज तिच्या बसनं डेपोपर्यंत गेलो. बस खड्ड्यावर लावून खाली मेकॅनिक ब्रेक बघत होता. मी सहज म्हटलं, "ही तर नवी बस ना? गॅरंटीत असेल."

"असली म्हणून काय झालं? मधली सर्व्हिसिंग चुकवली की गॅरंटी रद्द."

मी म्हटलं, "मग तुझ्या दहा वर्षांचंही तसंच आहे. आतला लाल दिवा लागलाय आणि तू गाडी दाखवत नाहीयेस. रद्द होईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हे तुला त्या सिस्टरनं सांगितलं?"

"नियमच आहे," म्हटलं. नियम आहे का, देव जाणे.

"आधी सांगायचं होतंस. दुसऱ्याच गोष्टी सांगत बसलास." खाली मेकॅनिकला ओरडून म्हणाली, "अरे, मला मंगळवारी सुट्टी पाहिजे, सर्व्हिसिंगला जायचंय." तो खालून म्हणाला, "बसची?" ती म्हणाली, "बस तुझी, बाकीची माझी."

पण एक अट घातली. झटपटकडे नाही तर नाही, पण त्याला वाईट वाटता कामा नये. त्याला कळू द्यायचं नाही. मी बरं म्हटलं. आता मला त्याचं तिच्यापासून लपवायचंय आणि तिचं त्याच्यापासून.

सोमवार, १ एप्रिल

जुलाबाच्या पाण्याचा दिवस. मोठं भांडंभर औषधाचं खारट पाणी थोडं थोडं करून प्यायचं, म्हणजे आतडं रिकामं होतं. आत्या पहिला पेला पिऊन म्हणाली, "समुद्रानं तोंड धुतलेलं पाणी." नंतरची बातमी अशी की आमच्या घरात एकच संडास आहे आणि मी दुपारभर जिन्यात बसून होतो.

दारामागून आवाज आला, "भटक्या."

"काय गं?"

"ती बाई काढेल ना काहीतरी?"

"म्हणजे?"

"तिच्याकडे गेलं की निघतंच म्हणतात. काही निघालं नाही तर तिला राग येईल का?"

मी म्हटलं, "नाही येणार."

थोड्या वेळानं परत, "आणि निघालं तर?"

 मी विचारलं, आणखी पाणी आणू का? ती म्हणाली, "मेल्या."

ट्रकवाला काल निघायचा होता, त्याचं काहीतरी बिघडलं, परवा निघतोय. निरोप आलाय, येतोस ना?

मंगळवार, २ एप्रिल

आज मी पगाराविना बसलो. त्याच खुर्चीत, पण आज ती खुर्ची टोचत होती.

आत्याला आत नेलं. दाराशी ती वळून म्हणाली, "चावी तुझ्याकडे आहे ना?" आणि गेली.

मग वेळ जाईना. समोरचं पहिलं दार उघडायचं, मिटायचं, माणसं येत-जात होती. दुसरं दार बंदच. माझ्या शेजारी एक नवरा आपल्या बायकोची वाट बघत बसला होता. तो म्हणाला, "तुमचं पण हिच्याकडेच का? काय हो, नळी हरवली की काय आत?" एरवी मी हसलो असतो. आज मला वाटत होतं की दार उघडू नये. जितका वेळ ते बंद आहे तितका वेळ ती बघतेय. आणि लगेच वाटायचं, उघड बाई एकदाची, किती वेळ. दोन्ही एकदमच वाटत होतं.

शेवटी गोगलगाय आली. जवळून बघितलं तर तिचे डोळे लाल झालेले होते. माझ्या शेजारी बसली. तिथे डॉक्टर लोक बसत नाहीत.

"दोन मिळाले. एक छोटा आहे, त्याचं काही नाही. दुसरा मोठा होता, सपाट, घडीच्या मागे. तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. पूर्ण निघालाय असं मला वाटतं. नमुना पाठवलाय."

मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी होता का तो?"

 "मी तेव्हा आत नव्हते, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही. पण एवढा व्हायला सहसा दोन वर्षं पुरत नाहीत."

"मग तेव्हा 'काही नाही' कसं?"

"तेव्हा काही दिसलं नाही," ती म्हणाली.

टॅक्सीत आत्यानं तीनतीनदा विचारलं, "मला राग आला का तिला?" मी म्हटलं, तिला राग आला का असं म्हणायचंय तुला. ती म्हणाली, तेच ते.

ट्रकवाल्याला निरोप पाठवला, नमुन्याचा निकाल येईपर्यंत नाही. त्याची गाडी अजून दुरुस्तीतच आहे, थांबतो म्हणाला.

सोमवार, ८ एप्रिल

कॅन्सर नाही.

हे मी आधी लिहिलं, बाकीचं मागून. गोगलगाईनं आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं. मोठ्या कोंबातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर बहुतेक झाला असता. आता बाहेर आहे.

आत्या म्हणाली, "म्हणजे काही नाही."

"होतं," बाई म्हणाल्या.

"आता नाही ना?"

"आता नाही."

"मग आधीचे डॉक्टरही तेच म्हणाले होते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग बाई म्हणाल्या, "तुकड्यांनी काढलाय, त्यामुळे सहा महिन्यांनी ती जागा परत बघावी लागेल."

आत्याचा चेहरा एकदम पडला. निकाल सांगताना पडला नव्हता तेवढा. बाहेर आल्यावर जिन्यात मधेच थांबली. "बघितलंस? त्यानं दहा वर्षं दिली होती. हिनं सहा महिने. आल्या आल्या माझी साडेनऊ वर्षं कापली हिनं."

"अगं, मुदत म्हणजे ती जगायची नव्हे."

"मग कशाची?"

मी तोंड उघडलं. सिस्टरचं ते टिकण्याचं वाक्य आठवलं, पोलीस आठवले, टॅक्सीतला झटपट आठवला. सगळं एकाच वेळी दाराशी आलं आणि चेंगराचेंगरी होऊन एकही बाहेर पडलं नाही.

गुरुवार, ११ एप्रिल

झटपट घरी आला.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. केंद्रात कळलं असेल, निकाल त्यांच्याकडे असतातच. संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर हा, हातात काही नाही, घाबरलेल्या पोरासारखा उभा. आत्यानं घाईघाईनं गणवेशाची बटणं लावली. "अगंबाई, तुम्ही? भटक्या, चहा टाक."

तो बसला नाही. म्हणाला, "मी माफी मागायला आलोय. दोन वर्षांपूर्वी तो मला दिसायला हवा होता. मी घाईनं बाहेर आलो. आणि गेल्या महिन्यात तुम्ही आलात तेव्हाही मी तुम्हाला परत पाठवलं."

मी चहाचं भांडं हातात घेऊन तसाच उभा. वाटलं, आता आत्या काय करते. तिचं तोंड तर डेपोत प्रसिद्ध आहे.

आत्या म्हणाली, "असं काय बोलता डॉक्टर? तुमचा हातगुण चांगला म्हणून तर दोन वर्षं तो गप्प बसला आत. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर तेव्हाच काय झालं असतं कोण जाणे."

त्यानं मान हलवली. "नाही. तसं नाही ते."

"आहे तसंच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बसा."

तो बसला.  मला वाटतं त्याला शिव्या हव्या होत्या. शिव्या खाऊन माणूस उठून जाऊ शकतो. ह्याच्यापुढे आत्यानं बिस्किटं ठेवली. त्यानं एक घेतलं आणि ते हातातच राहिलं.

"पुढच्या वेळी तुम्हीच करा माझी," आत्या म्हणाली. "त्या बाईंचा हात जड आहे. तुम्ही एकदा बघितलंत की दहा वर्षांची परत बोलणी करू."

"नाही," तो म्हणाला. "तुम्ही तिच्याकडेच जा. सहा महिन्यांनी, चुकवू नका. तिनं बघून काही नाही म्हटलं तर ते..." त्यानं हातातलं बिस्किट उलटंसुलटं केलं. "ते खरंच बघून म्हटलेलं असेल."

आत्या दुखावली. स्पष्ट दिसलं. तो गेल्यावर कप उचलत म्हणाली, "बघितलंस ना? आपल्याला काही निघालं की माणसं अशी हात झटकतात. तरी किती चांगला माणूस. एवढं होऊनही घरी आला."

"हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "नाही." मग मलाच कळेना कुठल्याला हो आणि कुठल्याला नाही.

आत्या म्हणाली, "एक काय ते ठरव."

मी म्हटलं, "तू दुसऱ्या दारानं जाणार आहेस. बाईंकडे."

"आणि का, ते सांगता येतंय का तुला?"

"नाही येत. पण न्यायला मीच येणार आहे."

तिनं कप विसळून पालथे घातले. पाठमोरीच म्हणाली, "तू? सहा महिने? एका गावात?"

ट्रकवाल्याचा माणूस परत खाली येऊन हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून हातानं नाही म्हणून खूण केली. त्याला ती 'थांब' अशी वाटली, तो थांबून राहिला. शेवटी खाली जाऊन तोंडानं सांगावं लागलं.